'मिडलमार्च' अर्ध्यात सोडावी का? माझा संयम संपत आलाय

पानखूण

मंडळी, जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंची 'मिडलमार्च' ही कादंबरी वाचायला घेतली आहे आणि तिसऱ्या भागाच्या तोंडाशी, २३व्या प्रकरणात, अडून बसले आहे. पुस्तक उशाशीच असतं. हातात घेतलं की दोन पानांत चिडचिड सुरू होते आणि मिटून ठेवते.

जाड पुस्तकांचं मला वावडं नाही. डिकन्स मी आवडीने वाचलाय, त्याच्या सगळ्या पसाऱ्यासकट. त्यामुळे 'जुनी इंग्रजी आहे, हळूहळू सवय होईल' असं कृपया सांगू नका. भाषा कळतेय. नीट कळतेय म्हणूनच राग येतोय.

सुरुवात मला फार आवडली होती. दोघी बहिणी आईचे दागिने वाटून घ्यायला बसतात. डोरोथिया म्हणते, मला काही नको, सगळं तू घे. दागदागिने म्हणजे तिला मोह वाटतो. तेवढ्यात ढग सरकतो, ऊन पाचूच्या अंगठीवर पडतं, आणि ही मुलगी बघतच राहते. शेवटी ती अंगठी आणि तिच्या जोडीचं कंकण ठेवून घेते, वर त्याला काहीतरी आध्यात्मिक कारणही शोधते. धाकटी सीलिया सगळं बघते आणि गप्प बसते. एवढ्याशा प्रसंगात दोघी मला कायमच्या ओळखीच्या झाल्या. वाटलं, हे पुस्तक आपलं.

मग कॅसॉबन आला. मुलगी विशीसुद्धा न गाठलेली, हा पंचेचाळिशी ओलांडलेला. जगातल्या सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधायची म्हणून वर्षानुवर्षं टिपणं काढत बसलेला. त्याचं मागणीचं पत्र वाचलंय का तुम्ही? एखाद्या कचेरीने पदासाठी योग्य उमेदवार सापडल्याचं कळवावं तसं पत्र आहे ते. ती वाचते, थरथरते आणि गुडघे टेकून रडते. आनंदाने! सीलियाला दिसतंय की हा बोलण्याआधी डोळे मिचकावतो आणि सूप पिताना चमचा खरवडतो. पाद्र्याच्या बायकोकडून, मिसेस कॅडवॉलडर यांच्याकडून, तर असंही कळतं की कोणी त्याच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरला तर त्यात नुसते अर्धविराम आणि कंस निघाले. गावाला दिसतंय, मला दिसतंय, हिलाच दिसत नाही. बरं, नाही दिसत तर नाही दिसत, माणसं अशी लग्नं करतात. माझा राग तिच्यावर नाही.

माझा राग आहे तो गोष्ट सांगणाऱ्या त्या आवाजावर. तो आवाज मला एक पाऊल सुखाने टाकू देत नाही. कोणी काही केलं की लगेच थांबायचं आणि माणसं अशी का वागतात यावर परिच्छेदभर बोलायचं. मी कोणावर रागावले की म्हणायचं, थांब, तू त्याच्या जागी असतीस तर? मला जरा रागावू द्या की! निष्कर्ष काढायचा हक्क वाचकाचाही असतो. इथे मी काही ठरवायच्या आतच बाई माझ्या पुढे जाऊन उभ्या असतात.

आणि मग तो घाव. रोममध्ये डोरोथिया एकटी बसून हुंदके देतेय. नुकतंच लग्न झालंय, नवरा व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. एवढ्या वह्या भरल्यात तर प्रत्यक्ष पुस्तक लिहायला कधी घेणार, इतकंच तिने विचारलं आणि तो बिथरला. त्यात त्याचा तरुण नातलग लॅडिस्लॉ तिला सांगून टाकतो की जर्मन विद्वानांनी हे काम कधीच पुढे नेलंय आणि कॅसॉबनला जर्मन येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी तिने स्वतःला वाहून घेतलं ते कामच पोकळ. मी श्वास रोखून पान उलटलं. पुढे काय? फ्रेड विन्सीचं कर्ज. घोड्याचा सौदा. मधे रुग्णालयाच्या पाद्र्याची नेमणूक होऊन गेली होती, वर्षाला ४० पौंडांची जागा आणि त्यावर सगळं गाव दोन तट पाडून बसलेलं. तेही मी सोसलं होतं. पण रोमनंतर हा घोडा मला सोसवला नाही.

विचारायचंय ते असं. तुमच्यापैकी कोणाचा इथेच संयम सुटला होता का? पुढे गेलात का, आणि का गेलात? 'महान कादंबरी आहे, वाचायलाच हवी' हे उत्तर मला पुरत नाही. शेवट मात्र सांगू नका.

निळी शाई

तुम्ही अडलात त्या जागेला एक कारण आहे, ते आधी सांगते. या मुळात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एलियटबाईंनी १८६९ मध्ये तरुण डॉक्टर लिडगेट आणि फ्रेडच्या घरची विन्सी मंडळी यांची कादंबरी सुरू केली आणि ती अडखळली. १८७० च्या अखेरीस त्यांनी 'मिस ब्रुक' नावाची निराळीच गोष्ट लिहायला घेतली, म्हणजे आपली डोरोथिया. १८७१ मध्ये त्यांनी दोन्ही एकत्र शिवल्या. १०व्या प्रकरणातल्या मेजवानीत लिडगेट पहिल्यांदा दिसतो आणि ११व्यात आपण अचानक दुसऱ्याच घरात असतो, तो टाका तिथला. तुम्हाला धक्के बसतायत ते या शिवणीवर.

दुसरं म्हणजे हे पुस्तक आपण वाचतो तसं कोणी वाचलंच नव्हतं. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत यायची, किंमत साडेएकतीस शिलिंग. विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. लोक मुडीसारख्या वाचनालयाची वर्षाची एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, वर्गणी भरायचे आणि एकेक खंड घरी न्यायचे. 'मिडलमार्च' तीन खंडांत मावेना. मग एलियटबाईंचे जोडीदार लुईस यांनी सुचवलं की आठ भाग काढू या, प्रत्येकी पाच शिलिंगांचा. डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ असे ते आले, साधारण दोन-दोन महिन्यांच्या अंतराने, शेवटचे भाग जरा लवकर. वर्षभर माणसं या गावात राहिली. एका भागावर बोलणं झालं, भांडणं झाली, मग पुढचा भाग हाती पडला.

आपण मात्र तीन लाखांहून अधिक शब्दांचा तो ऐवज एका दमात संपवायला जातो. मी स्वतः एक भाग झाला की थांबायचे आणि मधे दुसरं काहीतरी वाचायचे. प्रत्येक भागाला आपलं नाव आहे, आपला तोल आहे. तुम्ही दुसरा भाग पूर्ण केलाय. रोम हा त्या भागाचा शेवट आहे. डिसेंबरपासून वाचणाऱ्याला तिथे आपोआप विसावा मिळाला होता. तुम्ही तो न घेता घोड्याच्या बाजारात उतरलात.

आणखी एक. गोष्ट घडते १८२९ ते १८३२ मध्ये, लिहिली गेली चाळीस वर्षांनी. मतदानाच्या सुधारणेचा कायदा, रेल्वे, कॉलरा, हे सगळं पुढे कुठे गेलं ते १८७२ च्या वाचकाला ठाऊक होतं. पात्रांना ठाऊक नाही. तो निवेदनाचा आवाज इतका समजूतदार वाटतो त्याचं एक कारण हे अंतर आहे. मागे वळून बघणारा माणूस तसंच बोलतो.

उंबरठा

मी सोडली. ४०च्या आसपासच्या प्रकरणात. त्याची खंत नाही.

मला वाटतं, अभिजात म्हटलेलं पुस्तक सोडायला माणसं उगाच घाबरतात. पुस्तक नवं होतं तेव्हाही ते सगळ्यांच्या गळी उतरलं नव्हतं. हेन्री जेम्ससारख्या माणसाने १८७३ मध्ये परीक्षण लिहिलं त्यात म्हटलं होतं की ही कादंबरी तपशिलांचा खजिना आहे, पण एकसंध कृती म्हणून यथातथाच. लॅडिस्लॉ तर त्याला मुळीच पटला नव्हता. मलाही नाही. ज्या माणसाकडे डोरोथियाने आशेने बघावं असं लेखिकेला वाटतं, तो मला कधी हाडामांसाचा वाटलाच नाही. लिडगेटची खोली दिसते, त्याचं सामान दिसतं, त्याची बिलं दिसतात. लॅडिस्लॉचे कुरळे केस तेवढे दिसतात.

एलियट वाचायचीच असेल तर 'सायलस मार्नर' घ्या. १८६१ ची, आटोपशीर, आणि समजावत राहण्याचा तुम्हाला टोचणारा तो सूर तिथे गोष्टीच्या आत राहतो. तुमचा वेळ तुमचा आहे. सगळ्या थोर पुस्तकांशी आपलं जमायलाच हवं असं नाही.

जुना चष्मा

पानखूण, तुमची तक्रार मला या पुस्तकाबद्दलची सर्वांत चांगली तक्रार वाटते, म्हणून सविस्तर लिहितोय. शेवट सांगणार नाही, पण पुढच्या काही प्रकरणांतलं थोडं सांगावं लागेल.

फ्रेडच्या घोड्यावर तुम्ही थांबलात. अजून एकच प्रकरण वाचा. फ्रेडवर १६० पौंडांची हुंडी आहे आणि तिच्यावर जामीन म्हणून सही केली आहे भल्या केलेब गार्थने. फ्रेड जवळच्या पैशांतून घोडा घेतो, त्याच्यावर नफा कमवायचा म्हणून. घोडा तबेल्यात लाथा झाडतो आणि स्वतःचाच पाय जायबंदी करून घेतो. हातात उरतात ५० पौंड. इथवर तुम्हाला तो रटाळ वाटला तर मी समजू शकतो.

२४व्या प्रकरणात तो कबुली द्यायला गार्थांच्या घरी जातो. मिसेस गार्थ स्वयंपाकघरात आहेत, बाह्या सरसावून पीठ लाटतायत, आणि लाटता लाटता दोन लहान मुलांना व्याकरण शिकवतायत. एक डोळा भट्टीकडे, एक मुलांकडे. बाई आधी शिक्षिका होत्या, आताही शिकवण्या करतात. मुलगा कंटाळून विचारतो, व्याकरण कशाला शिकायचं? त्या लाटणं न थांबवता उत्तर देतात. घरभर सुखाचा आवाज आहे. फ्रेड तिथे बसलाय आणि त्याला सांगायचंय ते त्याच्या तोंडातून निघत नाही. मग केलेब येतो आणि फ्रेड सांगतो. मिसेस गार्थ आरडाओरडा करत नाहीत. मुलाला, आल्फ्रेडला, धंदा शिकायला उमेदवारीला लावण्यासाठी आपण ९२ पौंड साठवलेत, तेवढे आहेत, असं त्या सांगतात. आणखी १८ लागतील, ते मुलीच्या, मेरीच्या, पगारातून साठलेल्यांतून घ्यावे लागतील. ही तीच मेरी, जिच्यावर फ्रेडचं प्रेम आहे.

त्या क्षणापर्यंत फ्रेडला वाटत होतं की आपण वचन मोडलं, आपली अब्रू गेली. गार्थांचं काय होईल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. ९२ हा आकडा ऐकल्यावर ते येतं. बघा, इथे निवेदनाचा आवाज फारसा मधे येत नाही. आकडाच बोलतो. आणि आता रोम आठवा. डोरोथियाने कॅसॉबनला वह्यांबद्दल विचारलं तेव्हा त्या प्रश्नाने त्याच्या आत काय झालं हे तिच्याही मनात आलं नव्हतं. रोमच्या पाठीला पाठ लावून फ्रेड का येतो, याचं उत्तर मला तिथे मिळालं. दुसऱ्या माणसाला आपल्यासारखंच एक आतलं केंद्र असतं, त्याला वेगळं दुखतं, हे दोघांनाही अजून शिकायचंय. एक पाचूवाली मुलगी, एक घोड्यावर पैसे लावणारा मुलगा. एकीला ते थोर कामासाठी शिकायचंय, दुसऱ्याला क्षुल्लक उधारीसाठी.

आता तुमचा मूळ राग, की बाई तुम्हाला रागावू देत नाहीत. २९वं प्रकरण उघडा. डोरोथिया नवऱ्याच्या घरी, लोविकला, परत आलीय, आपण पुन्हा तिच्या बाजूने उभे आहोत. लेखिका वाक्य सुरू करते, एके सकाळी डोरोथिया... आणि स्वतःलाच अडवते. दर वेळी डोरोथियाच का? या लग्नाकडे बघायची फक्त तिचीच बाजू आहे का? आणि पुढची पानं कॅसॉबनच्या आत जातात. तीळ, मिचकावणारे डोळे, सगळं तिथेच आहे, काहीही पुसलेलं नाही. पण इतकं शिकून सुखाचा घास कधी न घेता आलेला, सतत कोणीतरी आपल्याला कमी लेखतंय या धास्तीत जगणारा माणूस दिसतो. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, असं त्या सरळ म्हणतात.

तुम्ही म्हणता की ही माझ्या हक्कावर गदा आहे. मला उलट वाटतं की २८ प्रकरणं बाईंनी आपल्याला हसू दिलं, सीलियाच्या आणि मिसेस कॅडवॉलडरच्या तोंडून मुद्दाम हसवलं, आणि मग विचारलं की याच्याकडे तुम्ही कधी बघितलं का. रक्तातल्या अर्धविरामांवर आपण सगळेच हसलो होतो.

पानखूण

उत्तरांबद्दल मनापासून आभार. जुना चष्मा, तुमचं वाचून त्याच रात्री २४वं प्रकरण वाचलं. ९२ पौंडांपाशी मी पुस्तक खाली ठेवलं, पण या वेळी चिडून नाही. मिसेस गार्थना पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या क्षणी त्यांना फ्रेडबद्दलचं आपलं मत बदलावं लागतंय, ते जास्त लागतंय. ते मला कोणी समजावून सांगितलं नाही, दिसलं. माझं म्हणणं तेच आहे. बाईंना हे येतं. इतकं येतं, तर मग इतर वेळी बोलतात कशाला?

२९वंही वाचलं. प्रश्नच नाही, जबरदस्त आहे. पण मी पूर्ण शरण आलेली नाही. कॅसॉबनची कीव करणं आणि त्याने एका मुलीचं आयुष्य आपल्या टिपणांच्या खोलीत कोंडलं याचा हिशेब मागणं, या दोन गोष्टी एकाच वेळी करता यायला हव्यात. लेखिकेचा सूर मला पहिलीकडे ढकलतो. त्याची धास्ती मला कळली, पण किंमत ती मोजतेय. समजून घेण्याच्या नादात कोणाला किती लागलं याचं वजन सारखं करून टाकू नये, असं मला फार वाटतं. कारण आयुष्यातही समजून घ्यायचं काम नेहमी एकाच बाजूच्या माणसाकडे येतं.

उंबरठा, तुम्ही सोडून दिलीत हे मोकळेपणाने सांगितलंत याचा मला आधार वाटला. लॅडिस्लॉबद्दल अजून माझं मत झालेलं नाही, पण त्याचे केस मलाही खटकले.

निळी शाई, दोन गोष्टींची शिवण कळल्यावर ११व्या प्रकरणातला माझा गोंधळ मिटला. मला वाटत होतं की माझंच लक्ष नव्हतं.

कानोसा

एक साधी सूचना. मोठ्याने वाचून बघा किंवा ध्वनिपुस्तक ऐका. त्या काळी घरोघरी संध्याकाळी एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, तशा ऐकण्यासाठी ही वाक्यं चालतात. डोळ्यांनी वाचताना निवेदनाचा तो आवाज मला उपदेश वाटायचा. कानाने ऐकल्यावर कळलं की ती बाई अनेकदा स्वतःशी वाद घालतेय. पहिल्या उपवाक्यात एक म्हणते, तिसऱ्यात ते मागे घेते. चांगली वाचणारी असेल तर तिथे तिचा आवाज बदलतो.

प्रकरणांच्या डोक्यावरचे उतारे मात्र ऐकताना मी सोडून द्यायचे. त्यांतले बरेच एलियटबाईंनी स्वतःच लिहिलेत हे कळल्यावर परत जाऊन वाचले.

जुना चष्मा

पानखूण, तुमच्या हिशेबाच्या मुद्द्याशी मी भांडणार नाही. ४२वं प्रकरण वाचाल तेव्हा तो मुद्दा बरोबर घेऊन वाचा. तिथे डोरोथिया नवऱ्याच्या दंडात हात अडकवायला जाते आणि तो आपले हात पाठीमागेच ठेवतो, दंड ताठ. एवढीच कृती. त्यानंतर तिला जो राग येतो तो बाईंनी अजिबात मऊ केलेला नाही. चांगला दोन-तीन पानं आहे. रागावर ती काय करते ते सांगत नाही, पण जे करते ते ती करते, लेखिका तिच्याकडून करवून घेत नाही, असं मला वाटतं. तुम्हाला उलट वाटलं तर नक्की लिहा.

पानखूण

परत आले. ३३व्या प्रकरणापर्यंत पोचलेय, म्हणजे तिसरा भाग संपला.

कानोसा, तुमचं ऐकून ३१वं प्रकरण मोठ्याने वाचलं. लिडगेट फ्रेडच्या बहिणीकडे, रोझमंडकडे, फक्त एक निरोप पोचवायला आलेला असतो. तिच्या हातातलं विणकाम खाली पडतं, तो उचलायला वाकतो, मान वर करतो तर तिच्या डोळ्यांत पाणी. अर्ध्या तासाने तो घराबाहेर पडतो तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं असतं. पॅरिसला शिकून आलेला, शरीरातल्या ऊतींवर नवं काही शोधायला निघालेला, इतक्यात लग्न करायचंच नाही म्हणणारा माणूस! मोठ्याने वाचताना लक्षात आलं की तिथे बाई जवळजवळ काहीच बोलत नाहीत. त्यांनी जे बोलायचं ते आधीच्या प्रकरणांत बोलून ठेवलं होतं, तो कसा शिकला, कशावर भाळतो, बायकांबद्दल त्याच्या कल्पना किती तयार साच्यातल्या आहेत. १५व्या प्रकरणातल्या ज्या पानांवर मी वैतागले होते तीच इथे कामाला आली. तरी ती पानं निम्मी चालली असती, हे माझं मत अजून आहे.

आणि म्हातारा फेदरस्टोन, ज्या आजारी श्रीमंताची देखभाल मेरी करते. मध्यरात्र उलटलेली, खोलीत मेरी एकटी, आणि तो तिला सांगतोय की लोखंडी पेटी उघड, दोन मृत्युपत्रांपैकी एक जाळून टाक. नोटा आणि सोन्याची नाणी तिच्यापुढे करतोय. ती हात लावत नाही. ज्यांच्या घरातून नुकतेच ९२ आणि १८ पौंड गेलेत त्या घरची मुलगी पैशांच्या ढिगासमोर उभी राहून नाही म्हणते, कारण उद्या कोणी बोट दाखवेल असं काही तिला करायचं नाही. तो काठी फेकून मारतो, तिला लागत नाही. ती शेकोटीत लाकडं सारते आणि खुर्चीवर बसून राहते. मला तो प्रसंग फार आवडला. मेरी गार्थसाठी मी कितीही घोडे सहन करेन.

निळी शाई, तुमच्या पद्धतीने आता भाग संपल्यावर थांबायला हवं. पण मृत्युपत्र उघडायचं बाकी आहे आणि त्या वेळच्या लोकांना पुढच्या भागापर्यंत याच जागेवर थांबावं लागलं होतं. त्यांनी ते कसं सोसलं असेल देव जाणे, मी ३४वं आजच सुरू करतेय.

४२व्याबद्दल वाचून झाल्यावर लिहीन. हिशेबाचा मुद्दा मी सोडलेला नाही, आणि फ्रेडलाही अजून माफ केलेलं नाही. शेवट सांगू नका म्हटलं होतं ते कायम आहे, फक्त एक सांगितलंत तर चालेल. आल्फ्रेडला उमेदवारीला जायला मिळतं का?